फुकटच्या कॉलची किंमत : इंटरनेटवरील संभाषण आणि तरुणाईच्या सुरक्षिततेचा अर्धशतकी इतिहास

१/
जानेवारी २०१९. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहर. चौदा वर्षांच्या एका मुलाने फोर्टनाइट हा खेळ खेळण्यासाठी मित्राला फेसटाइमवर कॉल लावला. मित्राने तो उचलला नाही. मुलाने त्याच कॉलमध्ये दुसऱ्या मित्राला जोडून घेतले आणि त्याच क्षणी पहिल्या मित्राच्या खोलीतले सारे आवाज त्याला ऐकू येऊ लागले. त्या मित्राने फोनला हातसुद्धा लावलेला नव्हता. त्याच्या दृष्टीने फोन अजून वाजतच होता.

२/
मुलाने ही गोष्ट आईला सांगितली. आईने आठवडाभराहून अधिक काळ ॲपल कंपनीला हे कळवण्याचा प्रयत्न केला. ईमेल, फॅक्स, समाजमाध्यमे, सगळे मार्ग वापरून पाहिले. २८ जानेवारीला बातमी जगभर फुटली तेव्हा कंपनीने सामूहिक फेसटाइमची सोय तातडीने बंद केली. दुरुस्ती ७ फेब्रुवारीला आली आणि त्या मुलाला कंपनीने बक्षीसही दिले. परंतु न उचललेला फोन मालकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकवू शकतो, हे कसे घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सुमारे साठ वर्षे मागे जावे लागते.

३/
दूरध्वनीची घंटा ही मुळात एक विनंती असते. दाराबाहेर कोणी उभे आहे आणि दार उघडायचे की नाही, हे घरातल्या माणसाने ठरवायचे आहे, असा तिचा अर्थ. या व्यवस्थेत तीन गोष्टी गृहीत असतात : दाराबाहेरचा माणूस स्वतःची ओळख खरी सांगतो आहे, दार उघडल्याशिवाय त्याला आत येता येत नाही आणि आतले बोलणे तिसऱ्याला ऐकू जात नाही. इंटरनेटवरील कॉलच्या इतिहासात ही तिन्ही गृहीतके एकेक करून मोडली. मोडणारे आणि भरडले गेलेले, दोघेही बहुतांशी तरुण होते.

४/
कथेचा आरंभ इंटरनेटच्याही आधीचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या दूरध्वनी वाहिन्या रिकाम्या आहेत की व्यग्र, हे यंत्रांना एका विशिष्ट स्वराने कळत असे. तो स्वर २६०० हर्ट्झचा होता. ज्या तारेवरून माणसे बोलत, त्याच तारेवरून यंत्रांचे हे हुकूमही जात. कोणी बोलता बोलता नेमका तोच स्वर काढला, तर पलीकडचे केंद्र समजे की फोन ठेवला गेला. बोलणारा मात्र वाहिनीच्या आतच उरे आणि पुढचे हुकूम स्वतः देऊ शके.

५/
जो एन्ग्रेसिया हा जन्मांध मुलगा केवळ शीळ घालून तो स्वर अचूक काढत असे. हे त्याला बालपणीच गवसले होते. पुढे विद्यापीठात याच कसबामुळे त्याच्यावर कारवाई झाली. जॉन ड्रेपर या तरुणाने न्याहारीच्या धान्याच्या खोक्यात मिळणारी खेळण्यातली शिट्टी वापरली आणि त्या धान्याचेच नाव त्याला टोपणनाव म्हणून चिकटले. ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर दीर्घ लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज या दोन तरुणांनी ‘ब्लू बॉक्स’ बनवून विकले. हे पेटीप्रकरण घडले नसते तर ॲपल कंपनीही जन्मली नसती, असे जॉब्ज पुढे सांगत.

६/
या साऱ्या खोडकरपणातून दूरध्वनी कंपनीने एक धडा घेतला : आवाज आणि हुकूम एकाच वाटेने जाऊ देऊ नयेत. १९७६ पासून यंत्रांचे संदेश स्वतंत्र वाहिनीने पाठवण्याची पद्धत अमेरिकेत सुरू झाली आणि शिट्टीचे युग हळूहळू मावळले. दुर्दैवाने त्याच दशकात, देशाच्या दुसऱ्या टोकाला, आवाज आणि हुकूम पुन्हा एकाच वाटेवर आणणारे तंत्र आकार घेत होते.

७/
१९७४ सालचा ऑगस्ट. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात मानवी आवाज पाठवून दाखवला. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटात घालायचा, पाकिटे जाळ्यात सोडायची आणि पलीकडे ती क्रमाने जुळवायची, अशी ही रीत. इंटरनेटवरचा प्रत्येक कॉल आजही याच मार्गाने जातो. त्या काळी या जाळ्यावर वावरणारे सारे संशोधक एकमेकांना ओळखत. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव खोटे लिहील असा कोणी परका तेथे नव्हता.

८/
फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने ‘इंटरनेट फोन’ नावाची आज्ञावली बाजारात आणली आणि हे तंत्र प्रयोगशाळेतून घरात आले. संगणक, ध्वनिपत्र, मायक्रोफोन आणि इंटरनेटची जोडणी एवढे असले की परदेशी कॉलचे बिल संपले. आरंभीच्या आवृत्तीत एका वेळी एकालाच बोलता येई, आवाज तुटत असे. तरीही वसतिगृहांत राहणारे विद्यार्थी आणि परदेशी गेलेले तरुण या सोयीकडे धावले. ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याला फुकट कॉलचे मोल सर्वाधिक; सुरक्षिततेचा विचार त्या हिशेबात बसतच नव्हता.

९/
भारतात हे चित्र आणखी ठळक होते. आयएसडीचे मिनिट महाग, घरात संगणक नाही. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत हेडफोन लावून अमेरिकेतल्या लेकाशी बोलणारे आईवडील हे त्या काळचे परिचित दृश्य. १ एप्रिल २००२ पासून सरकारने इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी दिली : संगणकावरून संगणकावर बोलता येईल, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलता येईल, पण देशातल्या साध्या फोनवर नाही. कॅफेचा संगणक सामायिक असे. त्यावर आधी कोण बसले होते आणि त्याने मागे काय ठेवले होते, हे पुढच्या ग्राहकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

१०/
१९९९ मध्ये ‘सिप’ ही संकेतप्रणाली प्रमाणित झाली. आज जगभरच्या कार्यालयांतील इंटरनेट फोन मुख्यतः याच प्रणालीवर चालतात. तिची रचना वेबसारखी साधी आहे. कॉल मागणाऱ्याचे नाव-पत्ता एका ओळीत साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. पोस्टाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही काहीही लिहावे, तशीच ती ओळ. वाटेतल्या यंत्रांनी तपासणी केली नाही, तर खोटे नाव शेवटपर्यंत खऱ्याच्या थाटात पोहोचते. पहिले गृहीतक येथे कोसळले.

११/
२००४ च्या सुमारास अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याचा क्रमांक दाखवून देणाऱ्या सेवा उघडपणे सुरू झाल्या. पूर्वी त्यासाठी दूरध्वनी केंद्राची महागडी सामग्री लागे. आता संकेतस्थळावर दोन रकाने भरले की काम होई. डिसेंबर २०१० मध्ये फसवणुकीच्या हेतूने खोटा क्रमांक दाखवणे तेथे बेकायदा ठरले. कॉलवर डिजिटल सही करून क्रमांकाची खात्री पटवण्याची व्यवस्था मोठ्या अमेरिकी कंपन्यांना बंधनकारक व्हायला मात्र ३० जून २०२१ उजाडले. रोग आणि औषध यांच्यात तब्बल सतरा वर्षांचे अंतर पडले.

१२/
दरम्यान धोक्याचा एक अनपेक्षित पैलू ह्यूस्टन शहरात उघड झाला. फेब्रुवारी २००५ मध्ये एका घरात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी आईवडिलांवर गोळ्या झाडल्या. सतरा वर्षांच्या मुलीने घरातल्या फोनवरून ९११ हा आपत्कालीन क्रमांक फिरवला. उत्तरादाखल ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली. तो फोन इंटरनेटवर चालणारा होता आणि ९११ ची सोय आपोआप सुरू होत नव्हती. आईवडील वाचले. टेक्सास राज्याने वॉनेज या सेवाकंपनीवर खटला भरला आणि त्याच वर्षी अमेरिकी दूरसंचार आयोगाने अशा सेवांना ९११ ची जोडणी सक्तीची केली. दिसायला फोन, पण फोनची सगळी कर्तव्ये नाहीत, हा फरक ऐन संकटात समजला.

१३/
पुढच्याच वर्षी, जून २००६ मध्ये, अमेरिकेत दोन तरुण पकडले गेले. एक मायामीचा, दुसरा स्पोकेनचा, दोघेही विशीतले. मायामीच्या तरुणाने इंटरनेट कॉलची मिनिटे घाऊक भावाने विकण्याचा धंदा थाटला होता. प्रत्यक्षात ते कॉल तो इतरांच्या जाळ्यांतून चोरून पाठवी. स्पोकेनचा साथीदार त्यासाठी लक्षावधी ठिकाणी दारे ठोठावून पाही. बरीच दारे उघडीच सापडली, कारण यंत्रावर निर्मात्याने घातलेला मूळ पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. एक कोटीहून अधिक मिनिटे विकली गेली. साथीदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली. सूत्रधार देशाबाहेर पळाला, मेक्सिकोत सापडला आणि २०१० मध्ये दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला.

१४/
या साऱ्यापेक्षा मोठी क्रांती २९ ऑगस्ट २००३ रोजी झाली होती : स्काइपचा जन्म. निकलास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस हे संस्थापक, तर आज्ञावली लिहिणारे एस्टोनियाचे तरुण. मध्यवर्ती केंद्राऐवजी वापरकर्त्यांचे संगणकच एकमेकांना थेट जोडावेत, ही कल्पना त्यांनी आपल्या आधीच्या ‘काझा’ या संगीतवाटपाच्या आज्ञावलीतून घेतली. संभाषण सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असे. त्यामुळे स्काइप सुरक्षित, अशी सार्वत्रिक समजूत झाली. परदेशी शिकणाऱ्या पिढीचे घराशी असलेले नाते पुढची दहा वर्षे याच खिडकीतून टिकले.

१५/
कुलूपही पूर्ण भरवशाचे नव्हते. २००७ आणि २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. जागा वाचवण्यासाठी काही प्रणाली साध्या आवाजाला लहान आणि गुंतागुंतीच्या आवाजाला मोठे पाकीट वापरत. पाकीट न उघडता, केवळ त्यांच्या आकारांच्या क्रमावरून, बोलणारा कोणत्या भाषेत बोलतो आहे याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. काही ठरावीक वाक्येही ओळखता येतात. बंद पेटीच्या खडखडाटावरून आतला ऐवज ओळखावा, तसे हे होते. त्यानंतर जाणकारांनी समान आकाराच्या पाकिटांचा आग्रह धरला.

१६/
ऑक्टोबर २००८ मध्ये टोरांटो येथील संशोधकांनी आणखी गंभीर बाब उघड केली. चीनमध्ये वाटली जाणारी स्काइपची आवृत्ती ठरावीक शब्द असलेले लेखी संदेश गुपचूप साठवत होती आणि तो साठा इंटरनेटवर उघडाच पडला होता. २०११ मध्ये जर्मनीतील ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ने तेथील पोलिसांनी वापरलेली गुप्त आज्ञावली तपासली. ती स्काइपचे कुलूप फोडत नसे. आवाज कुलपात जाण्यापूर्वीच संगणकावर टिपून घेई. वाट कितीही भक्कम असो, टोकाचे यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तिचा उपयोग उरत नाही.

१७/
नोव्हेंबर २००८ मध्ये या तंत्राची काळी बाजू मुंबईने अनुभवली. शहरावर चालून आलेले दहाही हल्लेखोर तरुण होते. कराचीत बसलेले त्यांचे सूत्रधार त्यांना फोनवरून क्षणोक्षणी आज्ञा देत होते. तपासात निष्पन्न झाले, की त्यासाठी अमेरिकेतील एका इंटरनेट कॉल सेवेचे खाते खोट्या नावाने उघडले होते आणि काही रक्कम इटलीतून भरली गेली होती. भारतीय यंत्रणांनी काही कॉल ऐकलेही. ती ध्वनिमुद्रणे आज अभिलेखात आहेत. तेव्हापासून शासनाला हे कॉल ऐकता यावेत अशी निकड वाटते आणि नागरिकाला ते कोणालाच ऐकू येऊ नयेत अशी. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि हा ताण मिटलेला नाही.

१८/
स्काइपच्या थेट जोडणीचा मोठा फटका खेळणाऱ्या मुलांना बसला. दोन संगणक थेट जोडायचे, तर एकाचा जाळ्यातला पत्ता, म्हणजे आयपी, दुसऱ्याला कळणारच. २०११ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की समोरच्याच्या नकळत त्याचा आयपी काढता येतो आणि त्यावरून तो कोणत्या शहरात फिरतो आहे याचा मागोवा घेता येतो. पाठोपाठ नुसते स्काइपचे नाव टाकले की आयपी काढून देणारी संकेतस्थळे निघाली. ऑनलाइन खेळात हरलेला मुलगा प्रतिस्पर्ध्याच्या पत्त्यावर बनावट मागण्यांचा पूर सोडून त्याचे इंटरनेट बंद पाडू लागला. हा पत्ता सर्वांसाठी आपोआप लपवण्याची सोय स्काइपने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केली.

१९/
खेळातले भांडण किती दूर जाऊ शकते, हे २८ डिसेंबर २०१७ रोजी दिसले. ‘कॉल ऑफ ड्युटी’ या खेळातील क्षुल्लक वादावरून लॉस एंजेलिसच्या एका पंचवीस वर्षीय तरुणाला कॅन्सस राज्यातील विचिटा शहरातला एक पत्ता देण्यात आला. त्याने इंटरनेट कॉल वापरून आपण त्याच शहरातून बोलत असल्याचा आभास निर्माण केला आणि त्या घरात खून झाल्याचे पोलिसांना सांगितले. पत्ता जुना होता. तेथे राहणाऱ्या माणसाचा त्या खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. दार उघडून बाहेर आलेला तो तरुण पोलिसांच्या गोळीने मरण पावला. कॉल करणाऱ्याला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली.

२०/
याच सुमारास महाराष्ट्रात दुसरे प्रकरण उघडकीस आले होते. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. सुमारे सातशे कर्मचारी ताब्यात घेतले गेले आणि सत्तर जणांना अटक झाली. इंटरनेट कॉलच्या साहाय्याने अमेरिकी क्रमांक दाखवून, आपण तेथील आयकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांना धमकावले जात असे. त्या महिनाअखेरीस अमेरिकी न्याय विभागाने भारत आणि अमेरिकेतील ५६ व्यक्ती आणि पाच कॉल सेंटरांविरुद्ध आरोपपत्र जाहीर केले. त्यात किमान १५,००० लोक फसवले गेल्याचे नमूद होते.

२१/
त्या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक जण विशीतले होते. इंग्रजी बोलता येते आणि नोकरी हवी आहे, एवढीच अनेकांची पात्रता. हातात लिहून दिलेली संवादसंहिता, कानाला हेडफोन आणि पडद्यावर खोटा क्रमांक. दहा हजार मैलांवरच्या माणसाचा चेहरा दिसत नसल्याने भीड लवकर चेपली. इंटरनेट कॉलने अंतर पुसले, तसा अपराधाचा संकोचही पुसट केला. तरुणाईला असलेला धोका फसवले जाण्याचाच नसतो, फसवणुकीच्या यंत्राचा दाता बनण्याचाही असतो, हे मीरा रोडने दाखवले.

२२/
फसतात ते फक्त म्हातारे, या समजुतीला तर आकड्यांचाच आधार नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे २०१७ मध्ये आलेल्या फसवणुकीच्या तक्रारींत, विशीतल्या तक्रारदारांपैकी ४० टक्क्यांनी पैसे गमावले होते. सत्तरी ओलांडलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. ज्येष्ठांचे एकेका वेळचे नुकसान मोठे होते, पण जाळ्यात अडकण्याचे प्रमाण तरुणांत अधिक होते. तंत्र वापरण्याचा सराव आणि तंत्र ओळखण्याची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२३/
भारतात इंटरनेट कॉल खऱ्या अर्थाने खिशात आला तो २०१५ मध्ये, व्हॉट्सॲपमुळे. ही सोय टप्प्याटप्प्याने मिळत असल्याचा फायदा घेऊन ‘कॉलिंग सुरू करण्यासाठी येथे टिचकी मारा’ असे खोटे संदेश तेव्हा सर्वत्र फिरले. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सारे संदेश आणि कॉल टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद केले. याचा अर्थ वाटेत कोणी, अगदी कंपनीसुद्धा, बोलणे ऐकू शकत नाही. हे पाऊल मोठे होते. मात्र लोकांनी त्याचा अर्थ ‘व्हॉट्सॲपवर जे येते ते सुरक्षित’ असा लावला. कुलूप बोलणे गुप्त ठेवते. बोलणारा प्रामाणिक आहे याची हमी देत नाही.

२४/
दुसरे गृहीतक मे २०१९ मध्ये मोडले. एनएसओ या इस्रायली कंपनीची ‘पेगॅसस’ ही हेरगिरी करणारी आज्ञावली व्हॉट्सॲपच्या कॉलमधून फोनमध्ये शिरत असल्याचे उघड झाले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. नुसती घंटा पुरे. सुमारे १,४०० जण लक्ष्य झाले. त्यांत भारतीयही होते आणि भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपींचे नागपूरचे एक वकीलही. व्हॉट्सॲपने भरलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी ज्यूरीने कंपनीला १६ कोटी डॉलरांहून अधिक दंड ठोठावला. तो पुढे न्यायालयाने बराच कमी केला, पण व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्यास कायमची मनाईही केली.

२५/
टूसॉनच्या मुलाला सापडलेले छिद्र याच जातीचे होते. फरक एवढाच, की ते कोणी मुद्दाम खणले नव्हते. घंटा वाजत असतानाच दोन्ही यंत्रे जोडणीची पूर्वतयारी करतात, म्हणजे कॉल उचलताच बोलणे सुरू व्हावे. ‘उचलला’ हा टप्पा आज्ञावलीने नीट तपासला नाही, तर तयारीचेच संभाषण होऊन बसते. गूगलच्या नटाली सिल्वानोविच यांनी या घटनेनंतर इतर ॲपे तपासली. सिग्नल, फेसबुक मेसेंजर, गूगल ड्युओ, मोका आणि भारतातील जिओचॅट, या पाचांतही कॉल न उचलता आवाज किंवा चित्र मिळवून देणारे दोष सापडले. ते दुरुस्त झाल्यावर, जानेवारी २०२१ मध्ये, त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

२६/
२०२० च्या टाळेबंदीत वर्गच कॉलमध्ये शिरले. झूमवरील तासांत परके लोक घुसून अश्लील चित्रे दाखवू लागले. ३० मार्चला एफबीआयने त्याबद्दल इशारा दिला आणि एप्रिलमध्ये भारताच्या गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचे सांगून सूचना काढल्या. कारण साधे होते : बैठकीचे दुवे उघडपणे वाटले जात आणि दाराला पासवर्ड नसे. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. टोकापासून टोकापर्यंत कुलूप असल्याचा झूमचा दावा दिशाभूल करणारा होता. किल्ल्या कंपनीकडेही होत्या.

२७/
या इतिहासाचे ताजे पर्व म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला तोतया पोलीस, मागे खोटे कार्यालय आणि ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असा हुकूम. केवळ वृद्धच नव्हे, शिकलेसवरलेले नोकरदारही यात सापडले. मे २०२४ मध्ये केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने अशा कामासाठी वापरलेली हजाराहून अधिक स्काइप खाती बंद केल्याचे सांगितले. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावे लागले, की कायद्यात अशी कोणतीही अटक नाही.

२८/
पलीकडच्या टोकाला पुन्हा तरुणच आहेत. चांगल्या नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडियात नेलेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या आणि फसवणुकीचे कॉल करायला भाग पाडलेल्या मुलामुलींच्या कहाण्या २०२२ पासून पुढे येत आहेत. मार्च २०२५ मध्ये भारताने म्यानमारच्या सीमाभागातून सुटलेल्या ५४९ नागरिकांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. मीरा रोडच्या खुर्चीवरचा मुलगा निदान संध्याकाळी घरी जात होता. या मुलांना तेवढीही मोकळीक नव्हती.

२९/
५ मे २०२५ रोजी स्काइप कायमचे बंद झाले. एका पिढीने ज्या निळ्या खिडकीतून आईचा चेहरा पाहिला, ती मिटली. मागे उरलेला हिशेब मात्र स्पष्ट आहे. पडद्यावरचा क्रमांक ओळखीचा पुरावा नाही. पैसे किंवा गुपित मागणारा कॉल ठेवून द्यावा आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर उलट फोन करावा. ॲपची नवी आवृत्ती त्याच दिवशी घ्यावी, कारण १,४०० फोनांत शिरलेले छिद्र अशा दुरुस्तीनेच बुजले. मूळ पासवर्ड बदलावा. धमकीचा कॉल आला तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे आणि घरात सांगावे. फसवणारा सर्वांत आधी माणसाला एकटा पाडतो.

३०/
१९७४ च्या संशोधकांनी आवाज पाकिटात घातला तेव्हा जाळ्यावर सारे परिचित होते. आज तेच पाकीट कोट्यवधी अनोळखी हातांतून जाते आणि प्रेषकाची ओळ अजूनही पुरेशी तपासली जात नाही. शिट्टी वाजवणारा अंध मुलगा, लक्षावधी दारे ठोठावणारा स्पोकेनचा तरुण आणि टूसॉनचा चौदा वर्षांचा खेळाडू, या तिघांनी वेगवेगळ्या हेतूंनी एकच गोष्ट दाखवली : यंत्र सांगितले तेवढेच करते, विश्वास ही माणसांची बाब आहे. टूसॉनच्या मुलाने सापडलेल्या दाराचा गैरफायदा न घेता आईला हाक मारली. दोष दुरुस्त होण्याची सुरुवात तेथून झाली.

(समाप्त)